वाणसामानाचा महिन्याचा खर्च कमी करायचाय, पण कात्री नक्की कुठे लावायची?

मोगरी (धागाकर्ती)

आमचं सहा माणसांचं घर. आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि सासू-सासरे. गेल्या वर्षभरात वाणसामानाचं बिल थोडं थोडं वर सरकत गेलं आणि पगार काही त्या वेगाने वाढला नाही. मी यादी करूनच खरेदी करते, सवलतीही बघते. तरी महिनाअखेर ओढाताण होतेच.

'बाहेरचं खाणं बंद करा' हा सल्ला मिळून झालाय, पण बाहेर आम्ही फारसं खातच नाही. मला घरात येणाऱ्या सामानाबद्दल बोलायचंय. मुलांचं वाढीचं वय आणि सासऱ्यांचं पथ्य या दोन गोष्टींत तडजोड करायची नाही. मग कात्री लावायची कुठे? आणि उत्पन्नाच्या इतके टक्केच वाणसामानावर जावेत, असा काही मापदंड असतो का?

कणगी

आधी टक्क्यांबद्दल, कारण त्याने लोक उगाच खचतात. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्रात हा एंगेलचा नियम म्हणून आजही शिकवतात. तेव्हा तुमचा टक्का मोठा दिसला तर तुम्ही उधळ्या आहात असं त्यातून सिद्ध होत नाही. घरात म्हातारी माणसं किती, मुलं कोणत्या वयाची, दुपारी घरी जेवणारे किती, यावर आकडा इतका बदलतो की शेजारच्या घराशी तुलना करूनही हाती काही लागत नाही. स्वतःच्याच मागच्या महिन्यांशी तुलना करा.

त्यासाठी गेल्या तीनेक महिन्यांची बिलं काढा. सगळी सापडणार नाहीत, सापडतील तेवढी घ्या. प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक खूण करायची: नाशवंत (भाज्या, फळं, दूध, अंडी), साठवणीचं (धान्य, डाळी, तेल, साखर, मसाले), तयार (पाकिटातला खाऊ, पेयं, सॉस) आणि न खाण्याचं (साबण, धुण्याची पावडर, टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या). हा चौथा गट खाण्यापिण्याच्या खर्चात लपलेला असतो. तो वेगळा काढल्याशिवाय जेवणावर खरंच किती जातंय ते कळत नाही, आणि बऱ्याच घरांत पहिली सोपी कपात तिथेच सापडते.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. फ्रीजच्या दारावर एक कागद लावा आणि महिनाभर जे जे टाकलं जाईल ते त्यावर लिहा. नुसतं 'भाजी' नको, कारणही लिहायचं: मागे राहून विसरली, जास्त शिजवली, कुणाला आवडली नाही, आणली तेव्हाच खराब होती. मागे राहून विसरली जाते ती फ्रीजच्या मांडणीची अडचण. जास्त शिजतं ते अंदाजाचं काम. आवडत नसेल तर ती वस्तू यादीतूनच काढायची. आणि आणतानाच खराब निघत असेल तर दुकान किंवा खरेदीचा दिवस बदलायचा. कारण कळलं की उपाय आपोआप ठरतो.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात सालं-हाडांसारखा न खाण्याजोगा भागही धरलाय. यातलं सुमारे ६० टक्के दुकानांतलं नाही, हॉटेलांतलंही नाही, घरांतलं होतं. मला तरी हा आकडा सवलतींच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त कामाचा वाटतो. वस्तू दहा टक्के स्वस्त मिळवायला आपण चार दुकानं पालथी घालतो आणि घरात आलेल्यातलं किती टाकतो ते मोजतही नाही.

तिसरा_प्रहर

वाचतोय. न खाण्याच्या गटाबद्दल एवढंच: धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण मोजून वापरा. सोबत दिलेल्या मापात आत रेघा असतात, ते माप काठोकाठ भरायचं नसतं. कमी मळलेल्या कपड्यांना सगळ्यात खालची रेघ पुरते.

अडीचशे_ग्रॅम

कणगी यांना अनुमोदन. मी दुकानातल्या हिशेबाबद्दल लिहिते, कारण तिथे डोळ्यांना फसवण्याची पुष्कळ सोय असते.

पाकिटावरची किंमत बघू नका, किलोमागची किंवा लिटरमागची किंमत बघा. युरोपीय संघाने तर १९९८ मध्येच नियम केला की दुकानांनी वस्तूच्या किमतीसोबत एककाची किंमतही दाखवायची. जिथे ती लिहिलेली असते तिथे ती बारीक अक्षरांत असते, पण असते. नसेल तर फोनवर भागाकार करायला काही सेकंद लागतात. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा समज इथेच तुटतो. कित्येकदा मधलं पाकीट सगळ्यात स्वस्त निघतं, किंवा सवलतीतली दोन लहान पाकिटं मोठ्याला मागे टाकतात.

वजन गुपचूप घटवण्याकडेही लक्ष ठेवा. ५०० ग्रॅमचं पाकीट ४५० ग्रॅमचं झालं आणि किंमत तीच राहिली, तर वजन १० टक्क्यांनी घटलं, पण तुमच्यासाठी वस्तू ११ टक्क्यांहून जास्त महागली. पाकिटाची उंची-रुंदी तशीच ठेवतात म्हणून ते दिसत नाही. मी नेहमीच्या वस्तूंची वजनं यादीतच लिहून ठेवते. बदल झाला की लगेच कळतो.

'तीनवर एक मोफत' ही २५ टक्के सवलत आहे, पण चारही वापरल्या तरच. चौथी खराब होऊन टाकली की सवलत शून्य झाली, आणि दोन टाकल्या तर तुम्ही जास्त पैसे देऊन बसलात. 'दुसऱ्यावर अर्धी किंमत' हीसुद्धा दोन्ही मिळून २५ टक्केच, ऐकायला मात्र ५० वाटते. नाशवंत वस्तूंवर अशा योजना मी घेतच नाही. साबणावर घेते.

आणखी एक हिशेब फार कमी लोक करतात: खाण्याजोगा भाग. मटारच्या शेंगा सोलल्यावर वजनाच्या साधारण ४० टक्केच दाणे हाती येतात. म्हणजे शेंगांचा भाव अडीचने गुणायचा आणि मग गोठवलेल्या दाण्यांशी तुलना करायची. गोठवलेल्या भाज्या काढणीनंतर लगेच गोठवतात, त्यामुळे पोषणातही त्या काही मागे नसतात. हंगामात ताज्या आणि हंगाम सरला की गोठवलेल्या, असं मी सरळ ठरवून टाकलंय.

उंबरठा

इथे थोडं वेगळं मत मांडतो. 'एकदम भरा, स्वस्त पडतं' हे सांगणं सोपं आहे. एकदम भरायला हातात एकदम पैसे लागतात, ठेवायला जागा लागते आणि आणायला गाडी लागते. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी नाहीत तो लहान पाकिटं घेतो आणि किलोमागे जास्त मोजतो. त्याला शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही.

शिवाय जागा असली तरी घाऊक खरेदी सगळ्यांना मानवत नाही. डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. तेल, साखर, सुकामेवा, बिस्किटं यांत हे जास्त होतं. आमच्याकडे साठवणीचं घाऊक आणायला लागल्यावर दर खाली आला, पण महिन्याचा एकूण खर्च तसाच राहिला, कारण वापर वाढला. म्हणून मी दोनच निकष लावतो: वस्तू वर्षभर टिकते का, आणि ती हाताशी जास्त आहे म्हणून जास्त खाल्ली जाईल का? मीठ, तांदूळ, डाळी, साबण खुशाल घाऊक घ्या. खाऊ कधीच नाही.

अडीचशे_ग्रॅम

@उंबरठा, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर एक मार्ग सुचवते: सगळं एकदम भरण्याऐवजी दर महिन्याला एकच साठवणीची वस्तू मोठ्या मापात घ्यायची. या महिन्यात तांदूळ, पुढच्या महिन्यात डाळ. बोजा विभागला जातो आणि काही महिन्यांनी बऱ्याच वस्तू मोठ्या मापाच्या दराने येऊ लागतात. किंवा दोन-तीन घरांनी मिळून एक पोतं घ्यायचं आणि तोलून वाटून घ्यायचं.

दुसऱ्या मुद्द्यासाठी: पोतं एकीकडे आणि वापरायचा डबा दुसरीकडे. डबा आठवड्याला पुरेल एवढाच लहान ठेवा.

रानवारा

दुकानाच्या रचनेबद्दल थोडंसं, विषय निघालाच आहे तर. स्वतः फिरून वस्तू उचलायची दुकानं मुळात फार जुनी नाहीत. क्लॅरेन्स सॉन्डर्स याने १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये 'पिगली विगली' हे दुकान उघडलं. त्याआधीची सर्वसाधारण रीत म्हणजे गिऱ्हाईक यादी सांगायचं आणि माल दुकानातला माणूस काढून द्यायचा. यादीत नसलेलं दिसायचंही फारसं नाही. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली. टोपली हाताला जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

मी हे उलटं वापरतो. थोडंच आणायचं असेल तर गाडी घेत नाही, हातातली टोपलीच घेतो. जड झाली की पुरे. आणि भरल्या पोटीच जातो.

घरपोच मागवण्याचा एक मोठा फायदा म्हणजे पैसे भरण्याआधी एकूण रक्कम दिसते आणि वस्तू काढून टाकता येतात. तोटा असा की 'आणखी इतक्याचं घ्या म्हणजे पोहोच मोफत' हे वाचून आपण पोहोच-खर्चापेक्षा जास्त किमतीचं नको ते सामान भरतो. वस्तू टोपलीत टाका, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पुन्हा बघून मग मागवा.

शिदोरी

माझं काम अन्नतंत्रज्ञानातलं आहे, म्हणून टाकाऊच्या कागदाबद्दल लिहावंसं वाटतंय. कणगी यांनी मुळावरच बोट ठेवलंय. निम्म्याहून जास्त नासाडी साठवणीच्या पद्धतीने टळते, असं मला रोज वाटतं.

फ्रीज ४ ते ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका आणि फ्रीजर उणे १८ ला ठेवा. आत एक साधा तापमापक ठेवला तर त्याचा खर्च लवकरच वसूल होतो. दारातले कप्पे सगळ्यात गरम असतात, तिथे दूध नको, सॉस ठेवा.

सफरचंद, केळी, टोमॅटो पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्यांच्याशेजारी ठेवलेल्या पालेभाज्या, काकडी, ब्रोकोली लवकर पिवळ्या पडतात, गाजर कडू होतं. फक्त वेगळं ठेवल्याने पालेभाजी किती जास्त टिकते ते करून बघा. पालेभाजी धुऊन ओली ठेवू नका. कोरडी करून कापडात किंवा कागदात गुंडाळा. बटाटे अंधाऱ्या, थंड, हवेशीर जागी, आणि फ्रीजमध्ये नकोत, कारण थंडीने त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते. कांदे बटाट्यांपासून लांब. सालासकट दळलेल्या पिठात बीजांकुराचं तेल असतं, ते खवट होतं, म्हणून असं पीठ थोडं थोडं आणा. धान्य घाऊक आणलं तर टोके होऊ नयेत म्हणून लहान पिशव्या करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग बाहेर काढून, बाष्प सुकल्यावर, घट्ट डब्यात भरा.

तारखांचा घोळही मिटवून टाकू. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' हे चव आणि पोत यांबद्दल असतं. त्यानंतरही डाळ, बिस्किटं, पास्ता नीट ठेवलेला असेल तर खाता येतो, वास आणि रंग बघून ठरवा. 'अमुक तारखेपर्यंत वापरा' हे सुरक्षिततेबद्दल असतं. मांस, मासे, तयार नाशवंत पदार्थ यांत ही तारीख उलटली की काटकसर करू नका. वास बरा आहे यावर तिथे भरवसा नाही.

उरलेला भात खोलीत तासन्‌तास ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात, उबेत वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट भांड्यात काढून लवकर गार करा, तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. उरलेलं खाणं म्हणजे पोटाशी खेळ नव्हे, पण नियम पाळूनच.

आणि एक गोष्ट कळकळीने. घरात तान्हं बाळ असेल आणि पावडरचं दूध चालू असेल, तर ते पुरवण्यासाठी जास्त पाणी घालून पातळ कधीही करू नका. बाळाचं पोषण तर घटतंच, शिवाय रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. पैसे कमी पडत असतील तर डॉक्टरांशी किंवा आरोग्यसेविकेशी बोला. बाकी सगळीकडे कात्री लावा, इथे नाही.

मोगरी (धागाकर्ती)

शिदोरीताई, सफरचंदं आणि पालेभाजी आमच्याकडे एकाच कप्प्यात असायची. आजच वेगळी केली.

प्रथिनांबद्दल कुणी सांगेल का? मुलांसाठी सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. 'प्रथिनयुक्त' म्हणून येणारे बार आणि पावडरी आता मुलंही मागायला लागलीत.

शिदोरी

किलोमागच्या दरासारखाच प्रथिनाच्या ग्रॅममागचा दर काढा. पाकिटामागच्या तक्त्यात १०० ग्रॅममध्ये किती प्रथिन ते लिहिलेलं असतं. कोरड्या डाळी आणि कडधान्यांत १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम असतं, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. हा भागाकार केलात की बार यादीतून आपणहून गळतील.

डब्यातल्या शिजवलेल्या कडधान्याशी तुलना करताना पाणी निथळल्यावरचं वजन धरा. कोरडं कडधान्य भिजवून शिजवलं की वजन अडीचपटीच्या आसपास जातं. डाळीत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यात उलट. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते, एकाच घासात खाण्याची गरज नाही. मांस खाणाऱ्या घरांत ते पूर्ण बंद करण्यापेक्षा त्याच रश्शात अर्धं मांस आणि अर्धं कडधान्य घालणं मुलांना सहज पचनी पडतं.

सासऱ्यांचं पथ्य कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिन आणि डाळी यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदला.

उंबरठा

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. बिलं लावा, कागद लावा, भागाकार करा, धान्य तोलून वाटा, कडधान्य भिजवा. हे सगळं करणार कोण? बहुतेक घरांत एकच व्यक्ती, आणि बहुतेकदा ती बाईच. पैसे वाचतात, वेळ तिचा जातो आणि तो कुठल्याच बिलात दिसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की घराचा खर्च कमी करायचा असेल तर ते काम घराचं असायला हवं. टाकाऊचा कागद जो टाकेल त्याने लिहायचा. फ्रीजरमध्ये काय आहे त्याची नोंद एका मुलाकडे. खरेदी एकाने केली तर यादी दुसऱ्याने करायची. आणि जी काटकसर आठवड्याचे तीन तास खाऊन थोडेसेच पैसे वाचवते ती सरळ सोडून द्यायची. चिरलेली भाजी महाग असते, मान्य. पण नोकरीवरून दमून आल्यावर ती चिरलेली आहे म्हणून घरी स्वयंपाक होत असेल, तर ती बाहेरून मागवलेल्या जेवणापेक्षा खूप स्वस्तच पडते.

कणगी

उंबरठा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी आधीच लिहायला हवं होतं असं हे आहे.

काम कमी करणारी एक रीत सांगते. आठवड्याचा बेत ठरवताना पाच-सहा जेवणंच ठरवायची, दोन वेळा मोकळ्या सोडायच्या. त्या दिवशी फ्रीजमधलं उरलंसुरलं. सातही दिवसांचा बेत आखला की उरलेल्याला जागाच राहत नाही आणि ते कचऱ्यात जातं. बेताची सुरुवातही पाककृतीपासून करू नका, फ्रीज उघडून करा. ज्याचं आयुष्य सगळ्यात कमी उरलंय ते आधी, मग त्याला जोड काय लागेल ते यादीत. फ्रीजमध्ये एक कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवा, डोळ्यांच्या उंचीवर. भाजीच्या खालच्या खणात गेलेली वस्तू दिसत नाही आणि न दिसलेली वस्तू शिजत नाही.

मोगरी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडा उशिराने लिहितेय, कारण कागद भरू द्यायचा होता.

तीन गोष्टी पुढे आल्या. सगळ्यात जास्त वाया जात होत्या त्या पालेभाज्या आणि अर्धवट वापरून मागे गेलेले सॉस. सॉस आता एक संपल्याशिवाय दुसरा आणायचा नाही, असं ठरलंय. दुसरं म्हणजे तयार पदार्थांच्या गटात मुलांच्या खाऊपेक्षा थंड पेयांचा वाटा मोठा निघाला. पाहुण्यांसाठी म्हणून आणायचो आणि पाहुणे येण्याआधीच ती संपायची. ती बंद केली, कुणाच्या तब्येतीचं त्यात काही अडत नाही. तिसरं, न खाण्याच्या गटात कागदी रुमाल होते, तिथे आता जुन्या चादरींचे तुकडे आहेत.

दूध, फळं आणि सासऱ्यांच्या पथ्याचं सामान यांना हात लावलेला नाही. फळं उलट थोडी वाढली. बिल उतरलंय, अजून हवं तितकं नाही. फ्रीजरची वही धाकट्याकडे आहे आणि तो ती फार मनापासून सांभाळतो.

एक शंका राहिली. आमचा पाव नेहमी शेवटी उरतो. फ्रीजमध्ये ठेवला तर वातड होतो, बाहेर ठेवला तर बुरशी येते. काय करावं?

शिदोरी

फ्रीज ही पावासाठी सगळ्यात वाईट जागा. त्या तापमानाला त्यातलं स्टार्च पुन्हा घट्ट होतं आणि पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. दोन दिवसांत संपेल तेवढा बाहेर ठेवा, बाकीचा आणला त्याच दिवशी काप करून फ्रीजरमध्ये. कापांच्या मधे कागद घाला म्हणजे चिकटत नाहीत. लागतील तेवढेच काप काढून गोठलेले तसेच भाजा, आधी वितळवायची गरज नाही. आणि बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नका. पावासारख्या मऊ पदार्थात तिचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.